नात्याच्या रकान्यात काय लिहू?

नोकरी लागली, शहरात फ्लॅट घेतला, ईएमआय सुरू झाला... सगळं सेट! पण घरात कुणी गेलं, तर चार खांदे आणायचे कुठून? लातूर-नांदेडकडे या प्रश्नाचं उत्तर शेकडो वर्षांपूर्वीच ठरलंय. आणि गंमत म्हणजे, ते रक्ताच्या नात्यात सापडत नाही.

रात्रीचे पावणेबारा. दुसऱ्या दिवशीच्या प्रेझेंटेशनची शेवटची स्लाइड उघडून बसलो होतो. मोबाइल वाजला. स्क्रीनवर थोरल्या काकांचं नाव. गावाकडून इतक्या रात्री आलेला फोन कशाचा असतो, हे कुणी सांगावं लागत नाही.

"आबा गेले, बाबा. तू सावकाश ये. गाडी जोरात हाणू नको. माळकरी आलेत, समदं तेच करायलेत."

आबा म्हणजे माझे आजोबा. औसा तालुक्यातलं छोटंसं गाव, कोरडवाहू शेती, गळ्यात तुळशीची माळ आणि आषाढात पंढरीची वारी. एवढं सांगितलं की आबा सांगून संपतात. पुण्याहून लातूर म्हणजे सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर. शेवटची ट्रॅव्हल्स केव्हाच सुटलेली. रूम पार्टनरकडे गाडीची किल्ली मागितली, तर तो पायांत चपला घालून माझ्याआधी लिफ्टपाशी उभा. "अशा वेळी एकट्यानं चालवायची नसते. बस बाजूला."

रस्ताभर डोक्यात लिस्ट चालू. लाकडं कोण आणणार? डॉक्टरचा दाखला? पाहुण्यांना निरोप? तिरडी कोण बांधणार? बाबांना बीपीचा त्रास, त्यांच्याजवळ कोण बसलं असेल? ऑफिसनं लावलेली सवय, दुसरं काय! प्रत्येक कामापुढे एक नाव लिहायचं आणि डेडलाइन टाकायची.

उजाडता उजाडता गावात पोचलो. माझ्या लिस्टमधलं एकही काम शिल्लक नव्हतं.

बिनबोलता वाटलेली कामं

आबांना आंघोळ घालून झाली होती. कपाळाला गोपीचंदन, त्यावर बुक्का. गळ्यातली माळ तशीच. उशाशी त्यांचे टाळ. अंगणात सतरंजीवर माळकरी मंडळी बसलेली, आणि रात्री बारापासून सुरू झालेलं भजन अजून थांबलेलं नव्हतं. एकाचा आवाज बसला की दुसरा उचलायचा.

बाकीचे कामाला लागलेले. कुणी ट्रॅक्टरवर लाकडं आणि गोवऱ्या घालून शेताकडे गेलेलं. कुणी बांबू आणि सुतळी घेऊन अंगणाच्या कोपऱ्यात बसलेलं. एक जण फक्त फोनवर... लेकी कुठवर आल्या, कुणाची एसटी कुठे अडकली. शेजारच्या घरात बायका भाकरी थापत होत्या, कारण आमच्या घरची चूल त्या दिवशी पेटणार नव्हती. आमच्याकडे त्या जेवणाला कडू घास म्हणतात.

कुणी कुणाला ऑर्डर देत नव्हतं. टीम लीडरच नव्हता!

पुढे वीणा, मागे टाळ-मृदंग, मधे आबा. अर्ध्या वाटेवर विसावा होतो. तिरडी क्षणभर खाली ठेवतात, खांदे बदलतात. तिथे एका म्हाताऱ्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. गावातले सगळे त्यांना बापू म्हणतात. आबांसोबत चाळीसेक वाऱ्या केलेला माणूस. म्हणाले, "नातू ना तू? व्हय पुढं." मी खांदा दिला. थोड्या वेळानं मागून कुणीतरी हळूच माझ्या खांद्याखालून दांडा स्वतःकडे घेतला. कोण होतं, ते मला आजही माहीत नाही.

अग्नी बाबांनी दिला. ज्वाळा वर चढल्या, तसा मृदंगाचा ठेका चढला. माझ्या हातात कुणीतरी आबांचे टाळ दिले होते, आणि मला ते वाजवता येत नव्हते. सहा वर्षं जिमला जाऊन कमावलेले माझे हात दोन मिनिटांत भरून आले.

तिसऱ्या दिवशी राख सावडून झाल्यावर बापूंनी कोपरीच्या खिशातून एक वही काढली. शाळेची, रेघांची, दोनदा शिवलेली. तिच्यात मंडळातल्या सगळ्यांची नावं आणि पुढे फोन नंबर. काही नावांपुढे नंबरच्या जागी तारीख. आबांच्या नावापुढे त्यांनी तारीख लिहिली. मग खाली नवी ओळ घेतली आणि मला विचारलं, "तुझा नंबर सांग. आबाच्या जागी तुला लिवतो. फोन आला की यायचं."

मी नंबर सांगितला. अशा वेळी 'हो' म्हणणं फार सोपं असतं...

वर्गणी, वाइन आणि वीस मैल

पुण्याला परतलो, पण ती वही डोक्यातून जाईना. एकमेकांचे कुणी न लागणारे लोक एकत्र येतात आणि 'तू गेलास की तुझं मी करीन, मी गेलो की माझं तू' असं ठरवतात. हे आमच्याच गावात आहे की आणखी कुठे? शोधत गेलो आणि थेट रोमपर्यंत पोचलो.

रोमजवळच्या लानुवियम गावात इसवी सन १३६ मधला एक शिलालेख सापडलाय. चक्क एका अंत्यसंस्कार मंडळाची नियमावली! प्रवेश फी १०० सेस्टर्स (त्यांचं नाणं) आणि चांगल्या वाइनचा एक रांजण. शिवाय दरमहा वर्गणी. सभासद वारला की त्याच्या अंत्यविधीसाठी ३०० सेस्टर्स. त्यातले ५० चितेपाशी येणाऱ्यांना वाटायचे, म्हणजे माणसं येतील याची सोय.

पण मला थांबवलं ते दोन नियमांनी. एक, सभासद गावापासून वीस मैलांपेक्षा लांब वारला, तर मंडळानं तीन माणसं तिथे पाठवायची आणि त्यांनी सगळं पार पाडून हिशेब द्यायचा. दोन, या मंडळात गुलामही सभासद होते. गुलाम मेला आणि मालकानं त्याचं प्रेत द्यायला नकार दिला, तर मंडळानं प्रेताशिवाय, प्रतीकात्मक अंत्यविधी करायचा. करायचा म्हणजे करायचाच.

पुढे युरोपातल्या कारागिरांच्या संघांनी हेच केलं. इंग्लंडमधल्या मजुरांच्या मंडळांनी दर आठवड्याला पैसा-पैसा जमवून हेच केलं. फ्रीमेसन आजही आपल्या बंधूच्या शवपेटीत बाभळीच्या जातीच्या झाडाची डहाळी ठेवतात. कोट, टाय, हातमोजे, सगळं वेगळं. वही मात्र बापूंचीच!

नामदेवांनी आणलेल्या अस्थी

आपल्याकडची सगळ्यात जुनी आठवण कुठली म्हणाल, तर ती मराठवाड्याच्याच एका माणसाची आहे. संत नामदेव. परंपरेनं त्यांचं जन्मगाव मानलं जाणारं नरसी आज हिंगोली जिल्ह्यात आहे, नांदेडच्या शेजारी.

१२९६ मध्ये आळंदीला ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली. त्या प्रसंगावर नामदेवांच्या नावे अभंगांची अख्खी मालिका आहे. तिच्यात समाधीची जागा झाडून साफ करायला नामदेवांची मुलं पुढे होतात. नातं काय? काहीच नाही. वारकरी, बस्स.

पण खरी गोष्ट पुढची. चोखामेळा मंगळवेढ्याचे. जातीनं महार, म्हणून विठ्ठलाच्या देवळात पाऊल टाकायची बंदी. १३३८ च्या सुमाराला मंगळवेढ्यात गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली. कामावरचे मजूर ढिगाऱ्याखाली गेले, त्यात चोखोबा. बातमी पंढरपूरला पोचली आणि नामदेव निघाले. ढिगाऱ्यात कुणाची हाडं कुठली, कसं ओळखणार? परंपरा सांगते, नामदेवांनी एकेक हाड कानाला लावलं. ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आलं, ती चोखोबांची हाडं. ती त्यांनी पंढरपूरला आणली आणि देवळाच्या महाद्वारासमोर समाधी दिली.

नाम ऐकू आलं की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. मला दिसतो तो एक माणूस. जो स्पर्शसुद्धा बाटवतो असं गाव मानत होतं, त्याच स्पर्शासाठी ढिगाऱ्यात बसून राहिलेला. १३५० मध्ये नामदेव गेले. त्यांची समाधी त्याच महाद्वाराच्या पायरीत आहे. दोन मित्र समोरासमोर! त्या पायरीच्या आत जायला चोखोबांच्या जातभाईंना मात्र १९४७ पर्यंत थांबावं लागलं. त्या वर्षीच्या मे महिन्यात साने गुरुजींनी उपोषण केलं, तेव्हा मंदिराचे दरवाजे उघडायची वेळ आली.

नांदेड : अंगीठा

याच नामदेवांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. म्हणून आबांच्या दहाव्याचं कीर्तन झाल्यावर मी लातूरहून सरळ नांदेड गाठलं.

सचखंड हुजूर साहिबला तुम्ही कधी ना कधी गेलाच असाल. लंगरमध्ये जेवलात, गोदावरीच्या घाटावर फोटो काढलेत. पण देवळासारखा गाभारा वाटतो त्या आतल्या जागेचं नाव लक्षात आहे? अंगीठा साहिब. अंगीठा म्हणजे चिता जिथे पेटली ती जागा.

१७०८ च्या ऑक्टोबरमध्ये दहावे गुरू, गुरू गोविंदसिंग, इथे गेले. त्यांचे चारही मुलगे त्यांच्याआधीच गेले होते. दोन लढाईत, दोन धाकटे सरहिंदला कैदेत. म्हणजे ज्या वडिलांना अग्नी द्यायला एकही मुलगा उरला नव्हता, त्यांचा अंत्यसंस्कार सोबतच्या शिखांनी केला. खालसा पंथानं.

आणि हा पंथ काय होता? १६९९ च्या बैसाखीला आनंदपुरात पाच जण उभे राहिले, ते पंज प्यारे. एक लाहोरकडचा, एक हस्तिनापूरचा, एक जगन्नाथपुरीचा, एक द्वारकेचा आणि एक... आपल्या शेजारच्या बिदरचा! भाई साहिबसिंग, जातीनं न्हावी. उदगीरहून बिदर म्हणजे वीकएंडला चहा पिऊन परत येण्याइतकं जवळ. पाचांनी एकाच वाटीतून अमृत घेतलं, आणि मग गुरूंनी त्यांच्याच हातून ते स्वतः घेतलं. एका वाटीतून प्यायलेली माणसं एकमेकांची कोण लागतात? त्या प्रश्नाचं उत्तर नांदेडला चितेपाशी मिळालं.

शिखांचा अंत्यविधी बघितला तर त्याचा साधेपणा लक्षात येतो. देहाला स्नान, स्वच्छ कपडे. पाच ककार अंगावर तसेच. केस, कंगवा, कडं, कच्छ, कृपाण. काहीही उतरवायचं नाही. वाटेनं शबद. चितेला मुलानं, नातेवाइकानं किंवा जवळच्या कुणीही अग्नी द्यावा. मग सोहिला, जो शीख माणूस रोज रात्री झोपण्यापूर्वी म्हणतो, तोच. शेवटी अरदास. छाती पिटून रडू नये, थडगं किंवा स्मारक उभारू नये, रक्षा वाहत्या पाण्यात सोडावी. शिरोमणी समितीनं १९४५ मध्ये मंजूर केलेल्या रहत मर्यादेत हे लिहून ठेवलंय. हुजूर साहिबच्या काही रीती पंजाबपेक्षा वेगळ्या आहेत, पण मुद्दा तोच. पुरोहिताची वाट बघत बसायचं नाही. संगत आहे ना? मग पुरे.

झोपताना म्हणायची प्रार्थनाच शेवटच्या झोपेला म्हणायची, म्हणजे ती इथल्या प्रत्येकाला आधीच पाठ असते. मला आबांच्या भजनातली एक ओळ धड म्हणता आली नव्हती. तिथे गोदाकाठी बसल्यावर ते जास्तच टोचलं.

लातूर : बसलेली माणसं

तिसरी मंडळी पुन्हा लातूरची. तुमचा एखादा लिंगायत कलीग असेल तर त्याला विचारा. अहमदपूर, उदगीर, निलंगा, औसा... या पट्ट्यात गावोगावी ही वस्ती आहे. बाराव्या शतकात बसवेश्वरांनी जिथे शरणांना एकत्र बसवलं, ते कल्याण निलंग्याच्या सीमेपलीकडेच. मराठीत लिहिणारे मन्मथस्वामी त्यांचेच. बीड जिल्ह्यातल्या कपिलधारला त्यांच्या समाधीकडे पायी दिंड्या जातात. टाळ-मृदंगासकट!

लिंगायतांमध्ये दहन नाही, दफन आहे. आणि देहाला निजवत नाहीत, बसवतात. मांडी घातलेली, कपाळाला भस्म, गळ्यात आयुष्यभर वागवलेलं इष्टलिंग आता डाव्या तळहातावर. पूजेला बसल्यासारखं. सजवलेल्या विमानात बसवूनच मिरवत नेतात. जमिनीत खड्डा, त्याच्या एका बाजूला कोनाडा, त्यात बैठक. मग बेलाची पानं, भस्म, मीठ, माती. विधी जंगम सांगतात. खड्ड्यात उतरून देह नीट बसवणारे हात मात्र समाजातल्या माणसांचे. गेलेल्याला 'मेला' म्हणत नाहीत, 'लिंगैक्य झाला' म्हणतात. ज्याच्या अंगावर लिंग आहे त्याला सुतक नाही, असं त्यांचं तत्त्व सांगतं. म्हणजे प्रेताला हात लावला म्हणून कुणी बाटत नाही. त्या काळात हे किती मोठं बंड होतं, विचार करा.

१ सप्टेंबर २०२० ला शंभरी ओलांडलेले शिवलिंग शिवाचार्य महाराज अहमदपूरकर नांदेडला रुग्णालयात गेले. त्यांना अहमदपूरच्या भक्तिस्थळावर समाधी दिली. करोनाचे दिवस होते. आठवतंय ना? त्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि अंत्ययात्रेला वीसच माणसं असा नियम आला. ज्यांच्या मागे हजारो शिष्य, त्यांनाही गर्दी जमवायची मुभा नव्हती. आणि तुमच्या-आमच्या घरांत वीस तरी जमली का?

वेशीपाशी अडकलेला टाळ

आता थोडं कडू. हे सगळं वाचून 'वाह, काय आपली संस्कृती!' म्हणून पान उलटायचा मोह होईल. थांबा.

मराठवाड्यात कितीतरी गावांत आजही जातीजातींच्या स्मशानभूम्या वेगळ्या आहेत. काही वस्त्यांना स्वतःची धड जागाही नाही. पावसाळ्यात चिखलातून तिरडी न्यावी लागते, डोक्यावर शेड नाही. भजनात शेजारी बसणारा माणूस शेवटच्या वाटेवर वेगळ्या रस्त्यानं जातो. नामदेवांनी ढिगारा उपसला, त्याला पावणेसातशे वर्षं झाली तरी!

आबांनी मला एकदा सांगितलं होतं. ते तिशीत असताना त्यांच्या दिंडीतले एक टाळकरी गेले. वेशीबाहेरच्या वस्तीतले. पंढरपूरच्या वाटेवर दोघं एका राहुटीत झोपायचे, एका ताटात खायचे. आबा टाळ घेऊन निघाले, तर माझ्या पणजोबांनी दार अडवलं. "वारीतलं वारीत. गावात नाही." आबा अर्धा तास उंबऱ्यात उभे राहिले. मग गेले. परत आले तर त्यांना महिनाभर ओसरीत ताट वाढलं. "मी गेलो ते बरं केलं," आबा म्हणाले होते, "पण अर्धा तास का थांबलो, ते आजूक सलतंय."

आणि मग १९९३. ३० सप्टेंबरची पहाट, तीन वाजून छप्पन्न मिनिटं. रात्री उशिरापर्यंत गणपती विसर्जन करून गाव झोपलेलं. किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबादचे साडेसात हजारांहून जास्त लोक गेले. दगड-मातीच्या जाड भिंती झोपलेल्यांवर कोसळल्या. मंगळवेढ्याची भिंत, पण या वेळी गावंच्या गावं. खांदा देणारेच ढिगाऱ्याखाली होते. वर पाऊस. लाकूड पुरेना. लष्कराचे जवान आणि कुठून कुठून आलेले स्वयंसेवक सामुदायिक सरणं रचत होते.

आमचं गाव वाचलं. आबा आणि त्यांचं मंडळ पहिल्याच दिवशी तिकडे गेलं, टाळ घरी ठेवून, फावडी घेऊन. तिथे काय पाहिलं ते आबांनी कधी सांगितलं नाही. पण बापूंची ती वही त्यानंतर सुरू झाली, हे मला सावडण्याच्या दिवशी कळलं. आणि तिच्यात वेशीबाहेरच्या वस्तीतली नावंही त्याच पानावर आहेत. वेगळं पान नाही.

आपली वही कुठाय?

आता आपल्याकडे या. बाणेर, खराडी, ठाणे, पनवेल, कुठेही. बाराव्या मजल्यावरचा टू बीएचके. आई-बाबा गावाकडून येऊन राहिलेत. शेजारच्या दारावरची पाटी वाचलीय, माणूस पाहिलेला नाही. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तीनशे मेंबर. कुणी गेल्याचा मेसेज आला की पाच मिनिटांत ऐंशी जण हात जोडलेली इमोजी टाकतात. खाली मात्र रुग्णवाहिकेपाशी तीन माणसं आणि वॉचमन. स्ट्रेचर लिफ्टमध्ये आडवं मावत नाही, हे त्या दिवशी कळतं!

आपण स्वार्थी झालोय, असं मला वाटत नाही. माझा रूम पार्टनर त्या रात्री सात तास गाडी चालवत आला, तो काय माझा सख्खा भाऊ होता? माणसं आहेत. फक्त कुणी कुणाला आधी विचारून ठेवलेलं नाही. वारकऱ्यांना माळ घालताना कळतं, शिखांना अमृत घेताना कळतं, लिंगायतांना लिंगधारणेत कळतं, की आता हे लोक आपले. आपल्याला कुठे कळतं? फ्लॅटच्या अॅग्रीमेंटमध्ये?

आम्ही पाच मित्रांनी परवा चहाच्या टपरीवर हा विषय काढला. आधी सगळे हसले. मग एक जण गप्प झाला. त्याचे बाबा २०२१ मध्ये गेले, तेव्हा तो एकटाच होता. आता आमच्याकडे एक कागद आहे. पाच घरं, पाच नंबर, कुणाच्या घरी काय रीत, दफन की दहन, कुणाला काय नको. एकीनं लिहिलंय, "अग्नी मी देणार. कुणी वाद घालू नये." नाही घालणार.

चौकट : हे आजच करून ठेवा

▪ घरी नैसर्गिक मृत्यू झाला तर आधी डॉक्टर. मृत्यूच्या कारणाचा दाखला त्यांच्याकडून मिळतो, त्याशिवाय स्मशानभूमीत पुढचं काम अडतं. घराजवळचा कोणता डॉक्टर रात्री येईल, हे आधी विचारून ठेवा.

▪ मृत व्यक्तीचं ओळखपत्र कुठल्या कपाटात आहे, हे घरातल्या किमान दोघांना माहीत हवं.

▪ मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत करा. उशीर झाला तर विलंब शुल्क आणि वाढीव कागदपत्रं आलीच. बँक, विमा, पेन्शन... सगळीकडे तोच दाखला लागतो, म्हणून जास्त प्रती काढा.

▪ जवळची स्मशानभूमी, विद्युतदाहिनी, शववाहिका यांचे नंबर फ्रिजवर नको वाटत असतील, तर फोनमध्ये ठेवा. पण ठेवा.

▪ आई-बाबांना त्यांची इच्छा विचारा. वाटतं तेवढं अवघड नसतं. आजी-आजोबांना तर या विषयावर भरभरून बोलायचं असतं, आपणच टीव्हीचा आवाज वाढवतो.

▪ आणि चार नंबर. रात्री दोन वाजता उचलतील असे. तुमचाही नंबर त्यांच्याकडे.

फोन आला

मागच्या महिन्यात, मंगळवारी सकाळी, रिव्ह्यू मीटिंग चालू असताना फोन वाजला. अनोळखी नंबर. बाहेर येऊन उचलला.

"बापू गेले. वहीत तुमचं नाव हाय म्हणून केला."

मी डेस्कवर आलो आणि रजेचा फॉर्म उघडला. दुःखद प्रसंगासाठी वेगळी रजा आहे आमच्याकडे, तीन दिवसांची, पगारी. पण आधी एक रकाना भरावा लागतो. मृत व्यक्तीशी नातं. खाली पर्याय : आई, वडील, पती/पत्नी, मुलगा/मुलगी, भाऊ/बहीण. त्यातलं काही निवडल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही.

एचआरला फोन केला. तिकडची मुलगी चांगली होती. तिनं विचारलं, "तुमचे कोण लागत होते?"

मी म्हणालो, "माळकरी."

"म्हणजे?"

काय सांगणार होतो? नामदेव, नांदेड, लानुवियम? साधी कॅज्युअल टाकली आणि निघालो. या वेळी दुपारची गाडी मिळाली. पोचलो तेव्हा भजन चालू होतं. कुणीतरी सरकून जागा दिली आणि हातात टाळ दिले. गेले काही महिने रविवारी कात्रजजवळच्या एका भजनी मंडळात जाऊन बसत होतो. ठेका अजून चुकतो. पण विसाव्यापर्यंत धरून ठेवला.

वही आता दुसऱ्याच एका काकांकडे आहे. बापूंच्या नावापुढे त्यांनी तारीख लिहिली, तेव्हा मी शेजारीच उभा होतो. खाली नवी ओळ अजून रिकामी आहे. बापूंची नात मुंबईला नोकरी करते. तिचा नंबर मागायचाय, असं ते म्हणत होते.